मुंबईतल्या आठवडाभराच्या टेनिसचं केदारखेड्याला काय?

टेनिस हा शब्द आपल्याकडे गावोगावी पोहोचलाय, पण तो चेंडूमुळे. केदारखेड्यात, भोकरदनमध्ये किंवा जालन्याच्या कुठल्याही मैदानावर 'टेनिसची मॅच आहे' असं कुणी म्हटलं तर बॅट, स्टंप आणि बक्षिसाची ट्रॉफी डोळ्यांसमोर येते. टेनिस बॉल क्रिकेट हाच आपला टेनिस. रॅकेटवालं टेनिस टीव्हीवर दिसतं, तेही विम्बल्डनच्या फायनलला.

पण याच महाराष्ट्रात, जालन्याहून रेल्वेने सातेक तासांवर, महिलांची एक आंतरराष्ट्रीय व्यावसायिक टेनिस स्पर्धा होते. नाव, एल अँड टी मुंबई ओपन. चर्चगेटजवळच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर, म्हणजे ब्रेबॉर्न स्टेडियम ज्या क्लबचं आहे तिथेच, ती खेळली जाते. २०१७ मध्ये ही स्पर्धा जिंकलेली १९ वर्षांची मुलगी पुढे जगातली नंबर एक खेळाडू झाली. तिचं नाव अरीना साबालेन्का.

अशा स्पर्धेची बातमी बहुतेक वेळा खेळाच्या पानावर चार ओळींत संपते. परदेशी खेळाडू येतात, परदेशी खेळाडू जिंकतात, करंडकासोबत फोटो निघतो. मग आपल्याला याचं काय? हे समजून घ्यायचं तर करंडक थोडा बाजूला ठेवून गुणांचा तक्ता बघावा लागेल.

'१२५' म्हणजे नेमकं काय?

महिलांचं व्यावसायिक टेनिस चालवणारी संघटना म्हणजे वुमेन्स टेनिस असोसिएशन, डब्ल्यूटीए. तिच्या स्पर्धांच्या नावापुढे आकडे असतात: १०००, ५००, २५० आणि १२५. हा आकडा म्हणजे विजेतीला मिळणारे क्रमवारीचे गुण. ऑस्ट्रेलियन ओपन, विम्बल्डन यांसारख्या ग्रँड स्लॅमच्या विजेतीला २००० गुण मिळतात. मुंबई ओपन आहे १२५ गुणांची.

त्याच्या खाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या स्पर्धा येतात. त्यांची नावं डब्ल्यू १५, डब्ल्यू ३५, डब्ल्यू ५०, डब्ल्यू ७५ आणि डब्ल्यू १००. इथेही आकडा म्हणजे विजेतीचे गुण.

ही सगळी एक शिडी आहे असं समजा. डब्ल्यू १५ ही खालची पायरी, ग्रँड स्लॅम ही वरची. १२५ ची पायरी मधोमध येते. खालून वर येणाऱ्या मुली आणि वरून घसरलेल्या मोठ्या खेळाडू इथे एकमेकींना भेटतात. म्हणूनच तिथली लढत चुरशीची होते.

मुख्य फेरीत एकेरीच्या ३२ जागा असतात. गुणांची वाटणी अशी:

- पहिल्याच सामन्यात हार: १ गुण
- एक सामना जिंकला: १५ गुण
- दोन सामने जिंकून उपांत्यपूर्व फेरी: २७ गुण
- उपांत्य फेरी: ४९ गुण
- उपविजेती: ८१ गुण
- विजेती: १२५ गुण

हा तक्ता लक्षात ठेवा. पुढचा सगळा हिशेब यावरच आहे.

महाराष्ट्राचा आणि या स्पर्धेचा संबंध जुना आहे

डब्ल्यूटीएने १२५ दर्जाच्या स्पर्धा सुरू केल्या २०१२ मध्ये. त्या पहिल्याच वर्षी एक स्पर्धा पुण्यात, बालेवाडीच्या क्रीडा संकुलात झाली. अंतिम सामन्यात एका बाजूला होती जपानची ४२ वर्षांची किमिको दाते-क्रुम आणि दुसऱ्या बाजूला युक्रेनची १८ वर्षांची एलिना स्वितोलिना. स्वितोलिनाने तो सामना ६-२, ६-३ असा जिंकला. पुढे ती जगात तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये तिने कांस्यपदक जिंकलं.

पुण्यातली ती स्पर्धा पुन्हा झाली नाही. मग २०१७ मध्ये मुंबईत मुंबई ओपन सुरू झाली. साबालेन्काने स्लोव्हेनियाच्या दलिला याकुपोविचला ६-२, ६-३ असं हरवलं. नंतरच्या काळात याच साबालेन्काने दोनदा ऑस्ट्रेलियन ओपन आणि दोनदा यूएस ओपन जिंकली.

२०१८ मध्ये थायलंडची लुक्सिका कुमखुम जिंकली. त्यानंतर मोठा खंड पडला. २०२४ मध्ये स्पर्धा परतली तेव्हा लाटव्हियाच्या दार्जा सेमेनिस्तायाने ऑस्ट्रेलियाच्या स्टॉर्म हंटरविरुद्ध पहिला सेट गमावूनही करंडक नेला. २०२५ मध्ये विजेती ठरली स्वित्झर्लंडची जिल टाइखमन, जी एकेकाळी जगात २१ वी होती. तिने अंतिम फेरीत थायलंडच्या मनंचया सावांगकेवला हरवलं.

म्हणजे या पाच स्पर्धांच्या पाचही विजेत्या परदेशी. भारतीय मुलगी एकेरीच्या अंतिम फेरीपर्यंतही पोहोचली नाही. मग आयोजनाचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न रास्त आहे.

आउटडोअर हार्ड कोर्ट म्हणजे काय?

उत्तराकडे जाण्याआधी मैदानाबद्दल थोडंसं, कारण पुढे तेही लागणार आहे.

टेनिस प्रामुख्याने तीन प्रकारच्या पृष्ठभागांवर खेळलं जातं: माती, गवत आणि हार्ड कोर्ट. हार्ड कोर्ट म्हणजे खाली डांबर किंवा काँक्रीटचा थर आणि त्यावर वाळू मिसळलेल्या अॅक्रेलिक रंगाचे थर. वाळू किती आणि कशी, यावर चेंडू किती वेगाने येणार ते ठरतं. माती चेंडूचा वेग कमी करते, गवतावर चेंडू खाली राहतो. हार्ड कोर्टवर उसळी सरळ आणि भरवशाची मिळते, पण गुडघे आणि घोटे यांना मार बसतो.

ऑस्ट्रेलियन ओपन आणि यूएस ओपन या दोन ग्रँड स्लॅम हार्ड कोर्टवरच होतात. मुंबई ओपन गेल्या दोन वेळेस फेब्रुवारीच्या सुरुवातीला झाली, म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपन संपल्यावर लगेच. २०२५ मध्ये त्याच आठवड्यात अबुधाबीत ५०० ची आणि रोमानियातल्या क्लुजमध्ये २५० ची स्पर्धा सुरू होती. क्लुजची स्पर्धा बंदिस्त स्टेडियममध्ये असते. मुंबईत वर छप्पर नाही. ऊन, दमट हवा, दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा, हे सगळं खेळाडूच्या वाट्याला येतं. युरोपातल्या थंडीतून आलेल्या मुलीला हे जड जातं. आपल्या मुली याच हवेत वाढलेल्या असतात. घरच्या मैदानाचा फायदा म्हणतात तो असा.

आपल्या मुलींच्या हाती काय लागलं?

आता मूळ प्रश्न. करंडक मिळाला नाही, मग काय मिळालं?

२०२४ मध्ये सहजा यमलापल्लीने पहिल्याच फेरीत अव्वल मानांकित, तेव्हा जगातल्या पहिल्या शंभरात असलेल्या अमेरिकेच्या कायला डे हिला हरवलं. पहिल्या शंभरातली खेळाडू समोर मिळणं हीच भारतीय मुलींसाठी दुर्मीळ गोष्ट आहे. परदेशातल्या मोठ्या स्पर्धांत त्यांना क्रमवारीमुळे प्रवेशच मिळत नाही.

२०२५ मध्ये तर गंमतच झाली. कोइम्बतूरची माया राजेश्वरन रेवती, वय १५, पात्रता फेरीतून मुख्य फेरीत आली आणि सामने जिंकत थेट उपांत्य फेरीत पोहोचली. तिथे टाइखमनने तिला ६-३, ६-१ असं हरवलं. पण एका आठवड्यापूर्वी जिचं नाव महिलांच्या जागतिक क्रमवारीत नव्हतं, ती मुलगी या एका स्पर्धेच्या जोरावर पहिल्या सातशेत गेली. वर दिलेला तक्ता पुन्हा पाहा. उपांत्य फेरीचे ४९ गुण हे डब्ल्यू १५ दर्जाच्या तीन स्पर्धा जिंकून मिळणाऱ्या गुणांपेक्षाही जास्त आहेत.

त्याच वर्षी दुहेरीच्या अंतिम फेरीत एक महाराष्ट्रीय नाव होतं, प्रार्थना ठोंबरे. तिने नेदरलँड्सच्या आरियान हार्टोनोसोबत खेळताना उपविजेतेपद मिळवलं. प्रार्थना सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची. तालुक्याच्या गावातून आलेल्या या मुलीने २०१४ च्या इंचियन आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झासोबत कांस्यपदक जिंकलं आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये भारताकडून ती दुहेरी खेळली.

घरच्या स्पर्धेचा पैशांतला हिशेब

टेनिसमध्ये क्रिकेटसारखा करार नसतो, पगार नसतो. रेल्वे किंवा पोलिसांच्या संघातून खेळत आंतरराष्ट्रीय क्रमवारी चढता येत नाही. गुण हवेत तर स्पर्धा खेळाव्या लागतात आणि स्पर्धा खेळायच्या तर प्रवास करावा लागतो. तिकीट, व्हिसा, राहणं, खाणं, प्रशिक्षकाचा खर्च, रॅकेटच्या तारा, फिजिओ, सगळं खेळाडूच्या खिशातून.

मुंबई ओपनची एकूण बक्षीस रक्कम एक लाख डॉलरहून जास्त असते. ऐकायला मोठी वाटते. पण ती एकेरी आणि दुहेरीच्या सगळ्या खेळाडूंत वाटली जाते. या दर्जाच्या स्पर्धेत एकेरीच्या विजेतीला साधारण १५ हजार डॉलर मिळतात, म्हणजे १३ लाख रुपयांच्या आसपास. पहिल्या फेरीत हरणाऱ्या आणि दूरवरून आलेल्या खेळाडूची रक्कम बहुतेक वेळा प्रवासातच जिरते.

आता दुसरं टोक पाहा. २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पात्रता फेरीचा पहिलाच सामना हरलेल्या खेळाडूला ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, म्हणजे १८-१९ लाख रुपये. मुख्य फेरीचा पहिला सामना हरलेल्या खेळाडूला १ लाख ३२ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. थोडक्यात, मेलबर्नच्या पात्रता फेरीत एक सामना हरून मिळणारे पैसे मुंबईत पाच सामने जिंकून मिळणाऱ्या पैशांपेक्षा जास्त आहेत.

म्हणून टेनिसमधली खरी सीमारेषा ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीची आहे. ती साधारण जगातल्या पहिल्या अडीचशेच्या आसपास पडते. ती ओलांडली की वर्षाला चार वेळा हमखास मोठी रक्कम मिळते आणि त्यावर उरलेलं वर्ष निघतं. तिच्या अलीकडे असलेली खेळाडू बहुतेक वेळा घरच्यांच्या किंवा प्रायोजकाच्या पैशांवर खेळते. २०२५ मध्ये एकेरीच्या पहिल्या दोनशेत एकही भारतीय महिला नव्हती.

त्या सीमारेषेपर्यंत जायला मोटामोटी तीनशे गुणांच्या जवळपास पोहोचावं लागतं. हे गुण परदेशांत फिरून गोळा करायचे की घराजवळच्या स्पर्धांतून, यावर एखादी मुलगी किती वर्षं टिकणार हे ठरतं. मुंबईतल्या स्पर्धेला पुण्याची मुलगी रेल्वेने जाते. व्हिसा नाही, विमान नाही. शिवाय आयोजकांकडे काही वाइल्ड कार्ड असतात, म्हणजे क्रमवारी पुरेशी नसतानाही थेट प्रवेश देण्याचा अधिकार. आयोजक ही कार्डं सहसा स्थानिक मुलींना देतात.

पण वाइल्ड कार्ड म्हणजे फक्त दार उघडणं. पहिली फेरी हरली तर एकच गुण. मायाने दाखवलं ते हेच, की दार उघडल्यावर आत सामने जिंकावे लागतात आणि त्याची तयारी त्या आठवड्यात होत नाही.

स्पर्धा एक वर्ष चुकली तर काय बिघडतं?

टेनिसच्या क्रमवारीत गुण ५२ आठवडे टिकतात. फेब्रुवारीत मिळवलेले गुण पुढच्या फेब्रुवारीत गळून पडतात आणि त्या जागी नवे मिळवावे लागतात. घरची स्पर्धा दरवर्षी होत असेल तर मुलीला ते गुण राखण्याची संधी असते. ती बंद पडली तर तेवढे गुण शोधत तिला दुसऱ्या देशात जावं लागतं.

भारतात हे वारंवार घडलंय. २००५ मध्ये सानिया मिर्झाने हैदराबादमध्ये, स्वतःच्या शहरात, डब्ल्यूटीए एकेरीचं विजेतेपद पटकावलं. ते जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. पण हैदराबादची ती स्पर्धा त्यानंतर झाली नाही. कोलकाता आणि बंगळूरच्या स्पर्धाही २००८ पर्यंत थांबल्या. चेन्नईत २०२२ मध्ये २५० ची स्पर्धा झाली आणि पुढची थेट २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पुरुषांमध्येही तेच. बालेवाडीत २०१८ पासून होणारी महाराष्ट्र ओपन २०२३ नंतर जागतिक वेळापत्रकातून गेली.

अशा स्पर्धा प्रायोजक, राज्य संघटना आणि जागतिक वेळापत्रकातली जागा या तिघांवर उभ्या असतात. यातला एक जरी सरकला तरी स्पर्धा जाते. मुंबई ओपनचा २०१८ नंतरचा खंड याच कमकुवतपणाची आठवण देतो. त्यातली काही वर्षं कोरोनाची होती हे खरं, पण सगळी नाही.

थायलंडकडे बघा. तिथे नोंथाबुरी, हुआ हिन, नाखोन सी थम्मरात अशा ठिकाणी आयटीएफच्या स्पर्धा मोठ्या संख्येने होतात. त्यांच्या मुली देशातच गुण मिळवत वर सरकतात. मुंबईची एक विजेती आणि एक उपविजेती थायलंडची असणं हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

मग केदारखेड्याचं काय?

समजा, केदारखेड्यातल्या दहा वर्षांच्या एका मुलीने टीव्हीवर साबालेन्काला पाहिलं आणि तिला टेनिस खेळायचंय. तिची वाट कशी असेल?

पहिली गरज कोर्टाची. टेनिसचं कोर्ट २३.७७ मीटर लांब आणि दुहेरीसाठी १०.९७ मीटर रुंद असतं. भोवतीची मोकळी जागा धरली तर साडेसहा-सात गुंठे लागतात. तालुक्याच्या क्रीडा संकुलात एवढी जागा निघू शकते. अडचण पुढे येते. हार्ड कोर्टला पक्का पाया लागतो, पाण्याचा निचरा लागतो, काही वर्षांनी वरचे थर पुन्हा द्यावे लागतात. आणि कोर्ट असलं तरी शिकवणारा लागतो. कबड्डी आणि खो-खो शाळेतले क्रीडाशिक्षक शिकवू शकतात, कारण ते स्वतः खेळलेले असतात. टेनिसचं तसं नाही.

दुसरी गरज वयोगटाच्या स्पर्धांची. बारा, चौदा, सोळा आणि अठरा वर्षांखालच्या गटांत राष्ट्रीय संघटनेच्या मान्यतेच्या स्पर्धा होतात. त्या प्रामुख्याने मोठ्या शहरांत. दर एक-दोन आठवड्यांनी मुलीला घेऊन जायचं तर घरातला एक माणूस त्यासाठी मोकळा हवा. पेरणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत शेतकरी घरात तो कुठून आणायचा?

तिसरी गरज मधल्या पायऱ्यांची. इथे महाराष्ट्राची स्थिती बाकी राज्यांच्या मानाने बरी आहे. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर महिलांची आयटीएफ स्पर्धा दोन दशकांहून अधिक काळ चालत आलीय. नवी मुंबई आणि सोलापूरनेही अशा स्पर्धा घेतल्यात. ऋतुजा भोसले याच व्यवस्थेतून वर आली. पुढे अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रोहन बोपन्नासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं. पुण्याच्या वैष्णवी आडकरने २०२५ मध्ये जागतिक विद्यापीठ स्पर्धेत एकेरीचं कांस्यपदक मिळवलं.

पण या यादीत मराठवाडा शोधावा लागतो. प्रार्थना बार्शीहून निघाली, तिलाही पुढे हैदराबादला सानियाच्या अकादमीत जावं लागलं. गावातून निघालेल्या मुलीला मधेच कुठेतरी घर सोडावं लागतं आणि त्या टप्प्यावर बहुतेक घरं थांबतात. पदक जिंकल्यावर सरकार बक्षीस देतं, नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पण टेनिसचा मोठा खर्च येतो तो पदकाच्या आधीच्या दहा वर्षांत.

मग मुंबई ओपन हवी की तालुक्यात कोर्ट?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो जरा फसवा आहे. वरची पायरी नसेल तर खालून चढणाऱ्या मुलीला परदेशात जावं लागतं आणि पैसे संपले की ती थांबते. खालच्या पायऱ्या नसतील तर वरच्या पायरीवर फक्त पाहुण्या खेळतात. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राने वरची पायरी बऱ्यापैकी बांधलीय. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातच भारताने बिली जीन किंग कपचा आशिया-ओशनिया गट खेळून प्लेऑफ गाठला. खालच्या बाजूला मात्र शिडी पुणे, मुंबई, सोलापूर अशा शहरांपाशी संपते.

एक मधला मार्ग शक्य आहे. प्रत्येक तालुक्यात अकादमी उभी राहणं अवघड आहे. पण जालना किंवा छत्रपती संभाजीनगरसारख्या ठिकाणी दोन-चार चांगली हार्ड कोर्टं, एक पूर्णवेळ प्रशिक्षक, मुलींसाठी वसतिगृह आणि वर्षातून एखादी डब्ल्यू १५ स्पर्धा, एवढं झालं तरी केदारखेड्यातून निघालेल्या मुलीचं अंतर चारशे किलोमीटरवरून एसटीच्या एका फेरीवर येतं. डब्ल्यू १५ ला ना मोठं स्टेडियम लागतं, ना मोठी बक्षीस रक्कम.

पुढच्या वेळी मुंबई ओपनची बातमी वाचाल तेव्हा विजेतीचं नाव बघाच. पण सोबत आणखी तीन गोष्टी बघा. मुख्य फेरीत भारतीय मुली किती होत्या? त्यातल्या किती जणींनी पहिला सामना जिंकून एका गुणाचे पंधरा केले? आणि त्यांच्या नावापुढे कोणत्या गावाचं नाव होतं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बार्शीच्या पलीकडे सरकलं, तर ती स्पर्धा आपल्याही कामाची झाली असं समजायला हरकत नाही.